कौल आणि भिन्नमत

देवळात कौल लावण्याची रीत आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मूर्तीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवून पुजारी गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी आधी पडली की काम करावे, डावी पडली की थांबावे, असे समजून माणसे उठतात आणि आपापल्या वाटेने जातात. लग्ने, वाटण्या, भाऊबंदकीचे वाद, मुलाचे परगावी जाणे, अशा किती गोष्टी आमच्या घराण्यांत या पाकळ्यांनी ठरविल्या असतील, त्याची गणती नाही. आमचे पणजोबा कोकण सोडून माळव्यात धार संस्थानच्या चाकरीस आले, तेही म्हणे असा उजवा कौल घेऊनच. या कौलाची एक खूण अशी की, त्याला कारणे जोडलेली नसतात. देव 'का' ते सांगत नाही. ज्याच्या मनाविरुद्ध पाकळी पडली, त्याचे म्हणणे कोठे लिहूनही ठेवले जात नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते.

न्यायालयाच्या निकालालाही आपल्या भाषेत कौल म्हणतात. वीस वर्षांहून अधिक काळ काळा कोट अंगावर वागविल्यानंतर आम्हांस मात्र हा शब्द तेथे थोडा तोकडा वाटू लागला आहे. न्यायाधीशाला कारणे द्यावी लागतात, हा पहिला भेद. दुसरा भेद त्याहून मोठा आहे. खंडपीठावर अनेक न्यायमूर्ती असले आणि त्यांतील एकाचे इतरांशी पटले नाही, तर त्याचे न पटलेले मतही त्याच ग्रंथात, त्याच टाइपात, तितक्याच ऐसपैस जागेत छापले जाते. अंमल बहुमताचा होतो. पण जे मत हरले त्याला कोणी कचऱ्याच्या टोपलीत टाकीत नाही. त्याला भिन्नमत म्हणतात. हरलेल्या मताला मानाने घरात ठेवून घेण्याची ही चाल किती मोलाची आहे, हे आम्हांस पुस्तकांतून उमगले नाही. ते आम्हांस एका मित्राने शिकविले, आणि २०२५ च्या भाद्रपदात, अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात, तो मित्र गेला.

त्याचे नाव येथे देत नाही; आपले नाव छापून यावे असे त्याला कधी वाटले नाही. तो देवासचा, आम्ही धारचे. दोहोंच्या मध्ये इंदूर. तेथे कायद्याच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी आमचे 'धारकर' आणि त्याचे 'देवासकर' असे बारसे केले. पुढे पंचवीस वर्षे आम्ही एकमेकांस याच नावांनी हाक मारली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ इंदुरात असल्यामुळे वकिलीत पडल्यावरही भेटी तुटल्या नाहीत. त्याचे काम असले की तो चाळीसेक किलोमीटर येई, आमचे असले की आम्ही साठेक किलोमीटर जात असू, आणि न्यायालय उठल्यावर चहाच्या टेबलाशी जे दुसरे न्यायालय भरे त्यास उठण्याची वेळ ठरलेली नसे.

वाद घालणे त्याच्या गावाच्या मातीतच होते असे तो म्हणे, आणि त्यात काही तथ्यही होते. धारचे पवार आणि देवासचे पवार या एकाच घराण्याच्या शाखा. परंतु देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या मागे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली आणि १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती तशीच नांदली. एका गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने १९५३ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावात देवासची देवीची टेकडी आहे. "आमच्या टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा," आमचा मित्र म्हणे. "अशा गावात जन्मलेल्या माणसाला एकमत ही कल्पनाच परकी. आणि आमच्याकडे राहावयास आले तेही कोण? कुमार गंधर्व! क्षयाने खंगून १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि १९९२ साली जाईपर्यंत तेथेच राहिले. घराण्यांच्या बहुमतापुढे जन्मभर स्वतःचे भिन्नमत गात राहिले."

आमच्या त्याच्या पहिल्या मोठ्या वादाची तारीख आम्हांस नक्की सांगता येते. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवर धरणाचा निकाल दिला. दिवाळी तोंडावर आलेली, आम्ही दोघे विद्यार्थी. १९९४ साली दाखल झालेला तो अर्ज सहा वर्षे चालला होता आणि मध्यंतरी धरणाचे बांधकाम थांबविण्यात आले होते. तीन न्यायमूर्तींचे पीठ होते. सरन्यायाधीश आनंद आणि न्यायमूर्ती कृपाल यांनी बांधकाम पुढे चालू ठेवण्यास अनुमती दिली. उंची टप्प्याटप्प्याने वाढावी आणि पुनर्वसनाने तिच्याबरोबर पावले टाकावीत, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती भरूचा यांनी वेगळे मत लिहिले. १९८७ साली या धरणास पर्यावरणाची जी मंजुरी मिळाली ती पुरेशी माहिती हाती नसताना दिली गेली, तज्ज्ञांकडून सर्व तपासून घ्यावे आणि तोवर काम थांबावे, असा त्यांचा अभिप्राय होता. निकाल दोनास एक असा लागला.

हे धरण गुजरातेत आहे. पण त्याचे पाणी मागे सरत सरत आमच्या धार जिल्ह्यात येऊन उभे राहते. चिखल्दा, निसरपूर, धरमपुरी ही नावे आम्हांस नकाशावरची नव्हेत. निसरपूरच्या बाजारातून आमच्या आजोळी मिरच्या आणि कापूस येत असे. असे असूनही आमचे मत बहुमताच्या बाजूने पडले. पाण्याच्या वाटपाचा तंटा लवादाकडे जाऊन १९७९ साली त्याचा निवाडा झाला होता. त्यात विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, द्यावयाची असे ठरले होते. कच्छ आणि सौराष्ट्र पाण्यासाठी वाट पाहत होते. वाद कोठेतरी संपला पाहिजे, कारण न संपणारा वाद हाही एक अन्यायच असतो, असे आम्ही म्हटले. आजही आमचे मत मुळात तेच आहे.

देवासकर त्या दिवशी इंदूरच्या ग्रंथालयात भिन्नमताची पाने पुन्हा पुन्हा वाचीत बसला होता. "वाद संपविणे आणि वाद मिटविणे यांत अंतर आहे, धारकर," तो म्हणाला. "संपविणे न्यायाधीशाच्या हातात असते. मिटतो तो निसरपूरच्या माणसाच्या मनात." आम्ही म्हटले, मनात काय मिटते हे मोजण्याचे साधन न्यायालयापाशी नाही. तो म्हणाला, "म्हणून तर भिन्नमत छापतात. ज्याच्या मनात मिटले नाही त्याला निदान आपले म्हणणे कोणीतरी ऐकले होते एवढे दिसावे."

पुढे त्या निकालाने आमची पाठ सोडली नाही. धरणाची उंची १२१.९२ मीटरवर गेली, मग २०१४ साली १३८.६८ मीटरपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली. जमिनीऐवजी पैसे घेतलेल्यांपैकी पुष्कळांच्या हाती खोट्या खरेदीखतांचे कागद पडले होते. त्याची चौकशी होण्यास एक आयोग बसवावा लागला. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांस दोन हेक्टरांपोटी प्रत्येकी ६० लाख रुपये आणि फसवणूक झालेल्या १,३५८ कुटुंबांस प्रत्येकी १५ लाख रुपये देण्यास सांगितले, आणि ३१ जुलै २०१७ पर्यंत बुडीत क्षेत्र रिकामे करावे असेही सांगितले. त्या निकालावरही आमचे दोघांचे जुंपले. आम्ही म्हटले, पाहा, न्यायालयाने सतरा वर्षांनंतरही माणसांकडे पाठ फिरविली नाही. तो म्हणाला, पाहा, सतरा वर्षांनंतर न्यायालयाला पुन्हा तेथेच यावे लागले. एकाच कागदावरून दोघांनी आपापला विजय पुकारला!

२०१९ च्या पावसाळ्यात धरण प्रथमच काठोकाठ भरले आणि निसरपूर पाण्याखाली गेले. तो देवासहून आमच्याकडे आला आणि आम्ही दोघे तेथवर गेलो. जेथे बाजाराचा रस्ता खाली उतरे तेथे पाण्याची कड होती, आणि विजेच्या खांबांची टोके तेवढी वर दिसत होती. परत येताना तो एक शब्दही बोलला नाही. वाद जिंकण्यासाठी ते दृश्य वापरणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते वापरले नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. आमच्या मैत्रीला पंचवीस वर्षे लाभली त्याचे कारण विचाराल तर आम्ही त्या परतीच्या मौनाकडे बोट दाखवू.

भिन्नमतावर त्याचा एवढा विश्वास का, असे आम्ही एकदा विचारले. त्याने जबलपूरचे नाव घेतले. आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही, या प्रश्नावर देशातील नऊ उच्च न्यायालयांनी 'येते' असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चौघांस एक अशा बहुमताने 'येत नाही' असा निर्णय दिला. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावाने तो खटला ओळखला जातो. एकटे उरले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढल्या वर्षी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तीस सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना पदत्याग करून घरी गेले. त्या चौघांच्या बहुमतात आमचे पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, जे पुढे सात वर्षे सरन्यायाधीश राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरविला; आणि तो सदोष होता असे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय हे होते. खन्ना आणि यशवंतराव दोघेही २००८ सालीच निवर्तले होते. "एक्केचाळीस वर्षे!" देवासकर म्हणाला. "दिवाणी दाव्याला तीन वर्षांत मुदतीची बाधा येते; भिन्नमताला मुदतीचा कायदा लागू नाही."

त्यावर आमचे उत्तर असे होते की, एका खन्नांच्या मागे शेकडो भिन्नमते अशी असतात की ज्यांच्यावर धूळच बसते आणि ती बसावी हेच योग्य. हे त्याने मान्य केले. "पण कोणते कोणत्या राशीतले, हे आज कोणाला कळणार?" असे मात्र त्याने विचारले. देवळांशी निगडित प्रश्नांतही हेच दिसून येते. शबरीमलैच्या खटल्यात २८ सप्टेंबर २०१८ रोजी चौघा न्यायमूर्तींनी सर्व वयांच्या स्त्रियांस प्रवेश खुला केला. पाचव्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या त्या पीठावरील एकमेव स्त्री, आणि श्रद्धेच्या प्रश्नांत न्यायालयाने पडू नये असे भिन्नमत त्यांनीच लिहिले. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्यातील मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविण्यात आले. आमच्या वाचकांत दोन्ही मतांची माणसे असतील. पण दोन्ही मते एका जिल्दीत बांधलेली आहेत, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे.

धारच्या माणसाने न्यायालयांविषयी लिहावे आणि भोजशाळेचे नाव काढू नये, हे वाचकांस खटकेल. त्या वादात कोणाची बाजू खरी हे सांगण्याचा आमचा येथे हेतू नाही. ज्या गावात रोज राहावयाचे तेथे वकिलाने जीभ जपून वापरावी. एवढेच सांगतो की, पुरातत्त्व खात्याच्या ७ एप्रिल २००३ च्या आदेशाने मंगळवारी आणि वसंत पंचमीस हिंदूंनी पूजा करावी आणि शुक्रवारी दुपारी मुसलमानांनी नमाज पढावा, अशी वाटणी ठरली. पंचांगाला मात्र या आदेशाची खबर नव्हती. २००६, २०१३, २०१६ आणि पुन्हा २०२६ साली वसंत पंचमी नेमकी शुक्रवारीच आली, आणि प्रत्येक वेळी आमच्या गावाला पोलिसांच्या गराड्यात सरस्वतीचा दिवस पाहावा लागला. ११ मार्च २०२४ रोजी इंदूरच्या खंडपीठाने तेथे शास्त्रीय पाहणी करण्याचा आदेश दिला, तेव्हा देवासकरने आम्हांस विचारले, "मंगळवार आणि शुक्रवार न्यायालय बघून घेईल. उरलेल्या पाच दिवशी तुमच्या गल्लीत कोण कोणाशी बोलतो?" आम्ही सांगितले, सगळे सगळ्यांशी बोलतात, आमचा शिंपी, आमचा भाजीवाला, आमचा कारकून, कोणीच बोलणे टाकलेले नाही. "मग त्या पाच दिवसांचे कोणी काही लिहून ठेव," तो म्हणाला. ते लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले नाही. निदान त्याची सूचना तरी येथे नोंदवून ठेवतो.

आता त्याच्या हयातीतल्या शेवटच्या वादाकडे येतो, कारण त्यात आमच्या बाजूंची अदलाबदल झाली. भोपाळच्या कारखान्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या कारखान्यातील विषारी कचरा पुढली चाळीस वर्षे तेथेच पडून होता. ३ डिसेंबर २०२४ रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो चार आठवड्यांत हलवावा असा आदेश दिला, आणि २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत १२ मालमोटारींतून सुमारे ३३७ टन कचरा आमच्या धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे येऊन पोहोचला. पीथमपुरात बंद झाला, माणसे रस्त्यावर आली. फेब्रुवारीच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला; आधी चाचण्या, मग सलग ज्वलन, असे करीत जूनच्या अखेरीस तो कचरा जाळून झाला आणि राख उरली.

आम्ही या आदेशाच्या विरुद्ध होतो, आणि तसे मोठ्या आवाजात बोललो. ज्या गावात विष जाळावयाचे त्या गावाला आधी पुरते ऐकून घ्यावयास हवे होते, चार आठवडे म्हणजे काहीच नव्हे, असे आमचे म्हणणे. देवासकर चहा ढवळीत ऐकत राहिला, आणि मग, आमच्या आश्चर्यास पार नाही, त्याने न्यायालयाची बाजू घेतली! भोपाळच्या माणसांनी ते विष चाळीस वर्षे उशाशी घेऊन काढली. कचरा कोठेतरी नष्ट करणे भाग होते. प्रत्येक गाव 'आमच्याकडे नको' म्हणू लागले तर तो आणखी चाळीस वर्षे तेथेच राहता. कोठेतरी पूर्णविराम हवा. "हा तुझाच युक्तिवाद आहे," तो म्हणाला. "पंचवीस वर्षे ऐकून मला पाठ झाला."

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्यात म्हण आहे. ती त्याने उच्चारली नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा. आम्ही म्हटले, दोन्ही खटल्यांत भेद आहे. नर्मदेच्या वेळी लवाद बसला होता, वर्षानुवर्षे सुनावणी झाली होती, येथे घाईने दिवस ठरवून दिले गेले. त्याने क्षणभर विचार केला. "हा भेद चांगला आहे," तो म्हणाला. "तो लिहून काढ. धारकर, आता तुझी पाळी. भिन्नमत लिही."

आम्ही लिहू म्हटले आणि लिहिले नाही. तो मार्च महिना होता. जूनमध्ये त्याला रुग्णालयात ठेवावे लागल्याचे कळले. पावसाळ्यात आम्ही चार वेळा देवासला गेलो. यकृताचा विकार होता आणि तो वेगाने वाढत गेला. अखेरच्या भेटीत त्याच्याने फार बोलवत नव्हते. आम्ही बोलत राहिलो, इंदूरच्या गोष्टी सांगत राहिलो, आणि त्याचे मन राखावे म्हणून त्याच्या एका जुन्या मताला होकार दिला. त्याने डोळे उघडून आमच्याकडे पाहिले आणि मान हलविली. "असे नको," एवढेच तो म्हणाला. आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून दिलेला होकार त्याला नको होता.

मित्र गेल्यावर माणसे म्हणतात, सुखदुःख सांगावयास कोणी उरले नाही. आमचा अनुभव जरा निराळा आहे. सुखदुःख ऐकणारी माणसे, देवाच्या दयेने, घरात आणि दारात पुष्कळ आहेत. उणीव भासते ती दुसऱ्याच वेळी. वृत्तपत्रात एखादा निकाल येतो, आमचे मत चटकन बनते, आणि ते मत पुरे होण्याआधी त्याच्याविरुद्ध जे एक वाक्य देवासहून येत असे ते येत नाही. मग आमचे मत तसेच राहते, सुरकुती न पडलेल्या नव्या कापडासारखे. ते खरे आहे की नाही हे आम्हांस समजत नाही, कारण त्याला कोणी ओढून पाहिलेले नसते. वाढत्या वयात माणसाभोवती होकार देणारे वाढत जातात. आशिलांना आमचे पटते, कारण ते फी देतात. कनिष्ठांना पटते, कारण त्यांना शिकावयाचे असते. मुलांना पटत नाही, पण ती वाद घालीत बसत नाहीत. आपल्याशी मनापासून, कंटाळा न करता, रागावल्यावाचून विरोध करणारा माणूस हे केवढे धन असते, ते तिजोरी रिकामी झाल्यावर कळले. मृत्यूचा निकाल तेवढा खरोखर कौलासारखा असतो: एकच पाकळी, कारणे नाहीत, आणि भिन्नमत लिहिणारा कोणी नाही.

दिवस झाल्यावर वहिनींनी आम्हांस बोलाविले. त्याच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भावजी, यांतले काय तुम्हांला हवे ते घ्या. आणि या एका फाइलीचे काय करावयाचे, तेही सांगा." आम्ही २००० सालच्या निर्णयसंग्रहाचा दहावा खंड काढला, ज्यात नर्मदेचा निकाल आहे. आमची कल्पना, भरूचांच्या मतावर त्याने रेघोट्या मारल्या असतील. ती पाने जवळजवळ कोरी होती. बहुमताची पाने मात्र पेन्सिलीच्या बारीक अक्षरांनी भरून गेली होती, आणि ठिकठिकाणी समासात लिहिलेले होते: 'येथे धारकर असे म्हणेल.' त्याखाली आमचा युक्तिवाद. कित्येक ठिकाणी तो आम्ही कधी मांडला होता त्याहून अधिक नेटका होता.

ती फाइल निसरपूरच्या एका कुटुंबाची होती. नव्या वसाहतीतील घराच्या भूखंडाविषयीचा दावा. तो त्याने फीवाचून चालविला होता. आम्ही ती घरी आणली, आणि आठवड्याभराने त्या कुटुंबातील वृद्ध गृहस्थ धारला आमच्या कचेरीत आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आम्हांस निरखून पाहिले आणि निमाडी वळणाच्या हिंदीत विचारले की, धारचे ते वकील आपणच काय? देवासचे वकीलसाहेब सांगत असत, धारला एक वकील आहेत, आपल्याविरुद्ध त्यांच्याइतके चांगले कोणी बोलत नाही. आम्ही म्हटले, होय, तो आम्हीच. ते जरा थांबले. मग म्हणाले, "तर मग आता आमच्या बाजूने बोलाल?"

वकीलपत्रावर आम्ही त्याच दिवशी सही केली. तारीख लागली आहे. तयारी म्हणून त्या दहाव्या खंडाचे समास सध्या रोज रात्री वाचीत आहो. आम्ही काय म्हणू ते त्याने जागोजागी लिहून ठेवले आहे. त्यावर त्याचे उत्तर काय, ते मात्र प्रत्येक ठिकाणी लिहिलेले नाही. ते आम्हांस शोधावे लागेल.